ग्रीन कार्ड आहे, पासपोर्ट भारतीय, युरोपच्या व्हिसाची सुरुवात कुठून करू?

वाटसरू

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीय. आम्ही दोघं ग्रीन कार्डवर, पासपोर्ट दोघांचेही भारतीय, मुलगी आठ वर्षांची आणि इथेच जन्मलेली म्हणून तिचा अमेरिकन. जूनमध्ये शाळा सुटली की पॅरिस, मग स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनच्या बाजूला, मग फ्लोरेन्स आणि रोम असं डोक्यात आहे, तिन्हीकडे जवळपास सारखेच दिवस. ऑफिसात एक जण छातीठोकपणे सांगतो की ग्रीन कार्ड असेल तर युरोपात व्हिसा लागतच नाही, दुसरा म्हणतो लागतो आणि तो भारतात जाऊनच काढावा लागतो, आता कोणाचं ऐकायचं. थोडं गुगल केल्यावर लागतो एवढं कळलं पण पुढे सगळा गोंधळ. अर्ज फ्रान्सकडे करायचा की स्विसकडे की इटलीकडे? तिकिटं आधी काढायची का? बँकेत किती पैसे दाखवायचे? मुलीचं काय? आणि सगळ्यात मोठं टेन्शन म्हणजे बायकोच्या ग्रीन कार्डची मुदत ऑगस्टमध्ये संपतेय, त्याने काही अडेल का? फ्रान्सच्या अपॉइंटमेंट बघितल्या तर कॅलेंडर पूर्ण करडं, एकही तारीख उघडी नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सांगा.

तिखटमीठ

ऑफिसातले दोघेही चूक :) ग्रीन कार्डने शेंगेनचा (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाचा) व्हिसा माफ होत नाही, पासपोर्ट कुठला आहे तेच बघतात आणि भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतोच. पण तो भारतातून काढायची काही गरज नाही, उलट नियमच असा आहे की तुम्ही कायदेशीररीत्या जिथे राहता तिथल्या कॉन्सुलेटकडे अर्ज करायचा. म्हणजे अमेरिकेतच, आणि अमेरिकेतही बऱ्याच देशांच्या बाबतीत तुमचं राज्य ज्या कॉन्सुलेटच्या हद्दीत येतं तिथेच. ही हद्द देशागणिक वेगळी असते. पत्त्याचा पुरावा मागतात, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा विजेचं बिल, आणि नुकतेच राज्य बदलून आला असाल आणि लायसन्सवर जुना पत्ता असेल तर आधी ते बदलून घ्या, यावरून माघारी पाठवतात.

कुठल्या देशाकडे अर्ज करायचा याचा नियम सरळ आहे. जिथे जास्त दिवस राहणार तो देश. दिवस समसमान असतील तर ज्या देशातून शेंगेनमध्ये शिरणार तो. म्हणजे तुमच्या आत्ताच्या प्लॅनमध्ये दिवस खरंच सारखे असतील तर फ्रान्स. शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत, स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नसला तरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे तिन्ही देशांना मिळून एकच व्हिसा. उलटं उदाहरण आयर्लंडचं, युनियनमध्ये आहे पण शेंगेनमध्ये नाही. आणि मध्येच युरोस्टारने लंडन करून येऊ असा मोह झाला तर लक्षात ठेवा, ब्रिटनचा व्हिसा पूर्ण वेगळा, शिवाय परत पॅरिसला यायला शेंगेन व्हिसावर किमान दोन एन्ट्री लागतील.

अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस म्हणतात पण ४५ पर्यंत ताणू शकतात, आणि तोवर पासपोर्ट त्यांच्याकडेच पडून. त्या काळात भारतात अचानक जायची वेळ येऊ शकते असं वाटत असेल तर तारीख विचार करून निवडा.

फी मोठ्यांना ९० युरो, जून २०२४ मध्ये ८० ची ९० झाली. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, पण तुमच्या मुलीचा प्रश्नच नाही, अमेरिकन पासपोर्टवर १८० पैकी ९० दिवस ती विनाव्हिसा जाऊ शकते. अर्ज ज्या सेंटरमध्ये देता त्यांची सर्व्हिस फी वर वेगळी. व्हिसा नाकारला तरी पैसे परत नाहीत.

कागदांचं म्हणाल तर पासपोर्ट गेल्या १० वर्षांतला, परतीच्या तारखेनंतर ३ महिने चालणारा आणि दोन पानं कोरी. ग्रीन कार्डची दोन्ही बाजूंची कॉपी. कंपनीचं पत्र, ज्यात कधीपासून नोकरीला आहात आणि या या तारखांची सुट्टी मंजूर आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट तीनेक महिन्यांची, हॉटेल बुकिंग, जाण्यायेण्याचं रिझर्वेशन, गावागावातल्या प्रवासाचा साधा तक्ता, लग्नाचं सर्टिफिकेट. आणि इन्शुरन्स. इथे बरेच जण अडकतात. ऑफिसच्या हेल्थ इन्शुरन्सचं कार्ड लावून चालत नाही, किमान ३०,००० युरोचं कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, आणि आजारपणात किंवा मृत्यू झाल्यास परत पाठवायचा खर्च धरलेला, असं शब्दांत लिहिलेलं पत्र लागतं. त्यासाठी वेगळी ट्रॅव्हल पॉलिसी घ्या, फार महाग नसते.

उंटावरचा_शहाणा

एवढं कशाला डोकं लावताय. फ्रान्सची अपॉइंटमेंट मिळत नाही ना, मग जिथे रिकाम्या तारखा दिसतायत अशा एखाद्या छोट्या देशाची फुकट कॅन्सल होणारी हॉटेलं आठवडाभर बुक करा, तिकडून व्हिसा घ्या, मग हॉटेलं कॅन्सल करा आणि जा पॅरिसला. शेंगेन एकदा हातात आला की कोण बघतंय कुठे फिरताय. सगळे हेच करतात.

कोकणकडा

@उंटावरचा_शहाणा, आयडी सार्थ आहे तुमचा.

वाटसरू, असलं काही करू नका. खोटा प्लॅन दाखवून घेतलेला व्हिसा सीमेवरसुद्धा रद्द होऊ शकतो, तसा नियमच आहे, आणि तो रद्द झाल्याची नोंद व्हीआयएस नावाच्या सामायिक यंत्रणेत राहते जी सगळ्याच शेंगेन देशांना दिसते. विमानतळावरचा अधिकारी विचारू शकतो की व्हिसा अमक्या देशाचा, मग तिथलं एकही बुकिंग कसं नाही. बहुतेक वेळा विचारत नाहीत हे खरं, पण आठ वर्षांच्या पोरीला घेऊन रांगेत उभं असताना "बहुतेक वेळा" वर सगळी ट्रिप लावायची का? शिवाय पुढच्या वेळचा अर्ज आहेच, आणि ग्रीन कार्डवाल्यांना पुढची वेळ येतेच, सिटिझन होईपर्यंत दर ट्रिपला हेच चक्र.

पण यातला अर्धा विचार बरोबर आहे, तो असा की आधी प्लॅन आणि मग व्हिसा हा क्रमच उलटा करा. आत्ता खरी अडचण कागदांची नाहीये. ग्रीन कार्ड, नोकरी, घर, मुलीची शाळा असलेल्या माणसाचे कागद चांगलेच असतात, "हा परत जाईल का" ही त्यांची मुख्य शंका आणि ग्रीन कार्ड हेच तिचं उत्तर. अडचण आहे ती अपॉइंटमेंटची. म्हणून आधी तिन्ही देशांची कॅलेंडरं बघा, जिथे तारीख मिळते त्या देशात खरोखर जास्त रात्री काढा. स्विसचे दोन दिवस काढून इटलीत टाकले तर काही बिघडत नाही, फ्लोरेन्समध्ये जास्त दिवस मिळाले म्हणून आजवर कोणी तक्रार केलेली नाही. मग इटलीकडे अर्ज करणं शंभर टक्के खरं आणि नियमात. पॅरिसला उतरलात तरी चालतं, इटलीच्या व्हिसावर इटलीतूनच शिरायला हवं असं काही नाही. आणि कॅलेंडर दिवसातून दोनदा बघत राहा, लोक कॅन्सल करतात आणि तारखा अचानक उघडतात. पैसे घेऊन अपॉइंटमेंट काढून देणाऱ्या एजंटांच्या नादी लागू नका, पासपोर्टची सगळी माहिती त्यांच्या हातात जाते.

तिकिटांचं, व्हिसा येईपर्यंत पूर्ण पैसे भरून नॉन-रिफंडेबल काढू नका. कॉन्सुलेटला रिझर्वेशन पुरतं. अमेरिकन एअरलाईन्सवर थेट बुक केलं तर बऱ्याच भाड्यांना २४ तासांत फुकट कॅन्सल करता येतं, पण तेवढ्या वेळात व्हिसा येणार नसतो, त्यामुळे माइल्सवर काढलेलं किंवा क्रेडिट परत मिळणारं भाडं बरं पडतं.

बँकेत किती, याला सगळ्यांसाठी एक आकडा नाही. प्रत्येक देश आपला आपला ठरवतो. उदाहरण म्हणून फ्रान्स हॉटेल बुकिंग असेल तर माणशी दिवसाला ६५ युरो धरतो, काहीच बुकिंग नसेल तर १२०. नोकरी करणाऱ्या घराला हे जड नाही. फक्त अर्जाच्या आदल्या आठवड्यात भावाकडून मोठी रक्कम आणून खात्यात टाकू नका, ते लगेच दिसतं आणि नको ते प्रश्न येतात.

तिखटमीठ

बायकोच्या कार्डचं मघाशी राहिलं. हे हलक्यात घेऊ नका. चेकलिस्टमध्ये सहसा असतं की अमेरिकेतला रहिवासाचा पुरावा परतीच्या तारखेनंतर ३ महिने तरी चालू हवा. जूनची ट्रिप आणि ऑगस्टची मुदत म्हणजे बसत नाही. चांगली बातमी ही की १० वर्षांच्या कार्डचा आय-९० फॉर्म (कार्ड नवं करून घ्यायचा) मुदत संपायच्या ६ महिने आधीपासून भरता येतो, आणि भरला की जी पावती येते, आय-७९७, ती जुन्या कार्डची मुदत वाढवते. ही वाढ सप्टेंबर २०२४ पासून ३६ महिन्यांची केलीय, आधी २४ होती. अमेरिकेत परत यायला जुनं कार्ड अधिक ती पावती चालते. व्हिसासाठी मात्र काही कॉन्सुलेट पावती मान्य करतात, काही कुरकुर करतात, म्हणून ज्यांच्याकडे अर्ज करणार त्यांना ईमेल टाकून लेखी उत्तर घ्या आणि ते अर्जाला जोडा. अगदीच अडलं तर यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, फील्ड ऑफिसची अपॉइंटमेंट घेऊन पासपोर्टवर आय-५५१ चा, म्हणजे ग्रीन कार्डच्या तात्पुरत्या पुराव्याचा, शिक्का मारून घेता येतो. तर आजच आय-९० भरा, बाकीचं नंतर. (कार्ड लग्नावरून मिळालेलं २ वर्षांचं कंडिशनल असेल तर आय-९० नाही, आय-७५१, ते वेगळं प्रकरण आहे.)

अजून दोन फुटकळ पण त्रासदायक गोष्टी. फोटो अमेरिकन मापाचा २ बाय २ इंच चालत नाही, ३५ बाय ४५ मिमी लागतो, फार्मसीत काढायला गेलात तर ते सवयीने चौकोनीच काढतात, आधीच माप सांगा. आणि फॉर्मवर तारीख दिवस-महिना-वर्ष अशी, इथे राहून हात महिना आधी लिहायला लागतो. आपल्या नावांचाही घोळ असतो, पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, ग्रीन कार्डवर तेच कधी मिडल नेममध्ये जातं. फॉर्म, इन्शुरन्स, तिकीट तिन्हीकडे पासपोर्टप्रमाणेच लिहा. मॅरेज सर्टिफिकेटवर बायकोचं माहेरचं नाव असेल तर कव्हर लेटरमध्ये एक ओळ टाका, संपलं.

पावसाळी_ढग

धागा वाचतोय म्हणून मध्येच माझाही प्रश्न घुसवतो, सॉरी वाटसरू. आम्ही पण ग्रीन कार्डवर, डिसेंबरात भारतात जाताना फ्रँकफर्टला विमान बदलायचं आहे, बाहेर पडायचं नाही. ट्रान्झिट व्हिसा लागेल का? आणि दुसरं, आई-बाबा सध्या इथे आलेत बी-२ म्हणजे टुरिस्ट व्हिसावर, त्यांना घेऊन आठवडाभर युरोप करून आलो तर त्यांचा व्हिसा इथून होईल का? तिसरं, इटियास की काय ते सुरू होतंय म्हणतात, मग हा व्हिसाचा ताप जाईल ना?

कोकणकडा

ट्रान्झिट व्हिसा नाही लागणार. शेंगेनच्या नियमातच लिहिलंय की अमेरिका, कॅनडा, जपान वगैरे मोजक्या देशांचं चालू रेसिडेन्स परमिट असलेल्याला एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा माफ, ग्रीन कार्ड त्या यादीत आहे. पण अट ही की एकाच विमानतळावर, आंतरराष्ट्रीय भागातच राहून पुढचं विमान. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून पॅरिस आणि मग फ्रँकफर्ट असे दोन शेंगेन थांबे असलेलं घेतलंत तर तो मधला प्रवास त्यांच्या दृष्टीने देशांतर्गत, म्हणजे तुम्ही शेंगेनमध्ये शिरलात, मग पूर्ण व्हिसा हवा. दोन वेगळी तिकिटं आणि बॅगा बाहेर जाऊन घ्यायच्या असतील तरी तेच. बुक करताना एवढं बघा. कार्डही चालू असलेलं हवं, चेक-इनला तेच बघतात.

इटियास आपल्यासाठी नाहीच. ज्यांना व्हिसा लागत नाही त्यांनी जाण्याआधी ऑनलाईन काढायची ती परवानगी आहे, २० युरो फी, १८ च्या आतल्यांना आणि सत्तरीच्या पुढच्यांना फी माफ. म्हणजे सुरू झालं की वाटसरूंच्या मुलीला काढावं लागेल, त्या दोघांना नाही, ते आहेत तिथेच राहणार व्हिसाच्या रांगेत :) त्याच्याशी गल्लत होते ती ईईएसची, ती ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालीय, शिक्क्यांऐवजी आत-बाहेर गेल्याची नोंद कॉम्प्युटरवर, ती आपल्या सगळ्यांना लागू. म्हणजे ९० दिवसांचा हिशेब आता शिक्के शोधत बसून नाही, सिस्टिमच करते.

तिखटमीठ

आई-बाबांचं जरा अवघड आहे. अर्ज राहत्या देशातून करायचा हा मूळ नियम. दुसऱ्या देशात कायदेशीर असलात पण राहत नसलात तर तिथून अर्ज का करताय याचं पटेल असं कारण द्यावं लागतं, आणि बरीच कॉन्सुलेट बी-२ वाल्यांना घेत नाहीत. व्यवहारी मार्ग म्हणजे पुढच्या वेळी त्यांनी भारतातूनच व्हिसा काढून इकडे येता-जाता युरोप करावं. त्यात त्यांचा फायदाही आहे. भारतात राहून भारतातून अर्ज करणाऱ्यांसाठी एप्रिल २०२४ पासून जरा सोपी पद्धत आहे, तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले तर पुढचा २ वर्षांचा मल्टिपल एन्ट्री मिळू शकतो, आणि त्यानंतर ५ वर्षांचा.

आपल्याला ती सवलत नाही, आपण इथून अर्ज करतो. आपल्याला सर्वसाधारण नियम, दोन वर्षांत तीन व्हिसे नीट वापरले की १ वर्षाचा मल्टिपल, मग तो वापरला की २ वर्षांचा, मग ५ वर्षांचा, आणि तेही पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असेल तर. म्हणून जुने शेंगेन व्हिसे असलेला पासपोर्ट फेकू नका, त्याच्या कॉप्या प्रत्येक अर्जाला लावा आणि कव्हर लेटरमध्ये मल्टिपल एन्ट्री हवाय असं लिहा. न मागता क्वचितच देतात. बोटांचे ठसे मात्र एकदा दिले की ५९ महिने परत वापरता येतात, पण म्हणून सेंटरला जावं लागणार नाही असं गृहीत धरू नका.

वाटसरू

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढं कुठल्याच वेबसाईटवर एका जागी मिळालं नसतं. काल बायकोचा आय-९० भरला, पावती ऑनलाईन दिसतेय. इटलीची एक तारीख मिळाली आमच्या कॉन्सुलेटच्या हद्दीतच, लगेच पकडली. प्लॅन बदलला, स्वित्झर्लंड दोनच रात्री, इटलीत आठवडाभर, मुलीला तसंही पिझाचाच जास्त उत्साह आहे. पॅरिसला उतरून रोमहून परत. इटलीच्या कॉन्सुलेटला पावतीबद्दल ईमेलही टाकलाय, उत्तराची वाट बघतोय. आता दोन शेवटचे प्रश्न, मुलीचे काही कागद आमच्या अर्जाला लावायचे का, आणि व्हिसा आला की त्यावर नेमकं काय तपासायचं?

कोकणकडा

मुलीच्या पासपोर्टची आणि जन्मदाखल्याची कॉपी लावा, तिचं नाव हॉटेल बुकिंग आणि तिकीट रिझर्वेशनमध्ये दिसू द्या, म्हणजे सगळं कुटुंब एकत्र जातंय हे कळतं. इन्शुरन्स तिचाही घ्या, व्हिसासाठी नाही, लहान मूल आहे म्हणून.

पासपोर्ट हातात आला की तिथेच काउंटरवर उघडून बघा, घरी जाऊन नाही. नावाचं स्पेलिंग आणि पासपोर्ट नंबर आधी. मग तीन गोष्टी. व्हिसा कुठपासून कुठपर्यंत, किती एन्ट्री, आणि किती दिवस. लोक फक्त तारखा बघतात. तारखांमध्ये साधारण १५ दिवस जास्तीचे घालून देतात, विमान रद्द झालं किंवा प्लॅन एखाद-दोन दिवस सरकला तर अडचण नको म्हणून, पण राहायचे दिवस वेगळ्या रकान्यात असतात आणि खरी मर्यादा ती. उतरलेला दिवस आणि निघालेला दिवस दोन्ही मोजतात. रात्रीच्या विमानाने जाताय म्हणजे दुसऱ्या दिवशी उतरणार, तेव्हा अर्जात पोचायची तारीख लिहिलीय का निघायची ते आत्ताच परत बघून घ्या.

उंटावरचा_शहाणा

बरं बाबा, हरलो. पण माझ्या त्या हॉटेल कॅन्सलच्या टिपचा एक भाग तर तुम्ही सगळे वापरताच आहात, रिफंडेबल बुकिंग!

तिखटमीठ

ते वापरा की, फक्त ज्या गावाला जाणार त्याच गावाचं. आणि व्हिसा यायच्या आधी कॅन्सल करू नका, कॉन्सुलेट कधीकधी हॉटेलला विचारतं. वाटसरू, हॉटेल, इन्शुरन्स, परतीचं तिकीट यांचे प्रिंटआउट हातातल्या बॅगेत ठेवा, सीमेवर मागायचा त्यांना हक्क आहे आणि तेव्हा फोनला रेंज असेलच असं नाही. बायकोचं जुनं कार्ड आणि पावतीचा मूळ कागदही त्याच बॅगेत, परतीच्या चेक-इनला कार्ड बघतात, जूनमध्ये ते चालूच असेल, पण कागद सोबत असलेला बरा.

वाटसरू

नोंद केली. अर्जातली तारीख बघितली, पोचायचीच आहे. इटलीचं उत्तर आलं की इथे टाकतो, बाकीच्यांना उपयोगी पडेल.